काकांना गोड देऊ नका

कोपर स्टेशनच्या जिन्यापासून आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत असा एकही दुकानदार नाही, ज्याला मी सांगून ठेवलेलं नाही. ह्यांना गोड द्यायचं नाही. मागितलं तरी नाही, पैसे पुढे केले तरी नाही, घरी पाहुणे आलेत म्हणाले तरी नाही. मिठाईवाल्याला सांगितलंय, रसवंतीवाल्याला सांगितलंय, 'घरसंसार मार्ट'च्या बाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या ठमाबाईला सांगितलंय की चिकू ह्यांच्या हातात पडता कामा नये. लोक हसतात. हसू देत. गेल्या वर्षी ह्यांच्या डाव्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर मी एकटी बसले होते. तिथे नव्हतं आलं कोणी हसायला.

आमचे हे, म्हणजे विश्राम, शाळेत भूगोल शिकवायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावली आणि आता स्वतः मात्र शर्टाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या लपवतात. कपडे धुवायला टाकताना मी खिसे चाचपते आणि हे खिडकीतून बाहेर बघत राहतात, जणू काय त्यांचा त्या शर्टाशी संबंधच नाही. मी ओरडते. ओरडणारच. मी नाही ओरडणार तर कोण ओरडेल? मुलगा अपूर्व आणि सून क्षिप्रा घोडबंदर रोडला राहतात, त्यांच्याकडून फोनवर फक्त "आई, जरा सांभाळून घे गं" एवढंच येतं.

मागच्या महिन्यात तर ह्यांनी कमालच केली. आमच्याकडे 'अन्नदीप'ची शाखा आहे. मूळ हॉटेल ठाण्याला नौपाड्यात, मग कल्याण झालं, मग घोडबंदर, आणि आता आमच्या डोंबिवली पश्चिमेला. सगळीकडे तीच पिवळी पाटी, तीच लाल चटणी, आणि तेच पीयूष. त्या पीयूषवर ह्यांचा फार जीव. मी बेसिनवर हात धुवायला गेले तेवढ्यात ह्यांनी गल्ल्यावरच्या साईनाथला सांगितलं, "अरे, चक्कर येतेय रे, काहीतरी गोड दे पटकन." त्या बिचाऱ्याने घाबरून पीयूषचा ग्लास भरून दिला. मी परत आले तर ह्यांच्या मिशीला जायफळ लागलेलं. माझा जो काही तिळपापड झाला! ह्यांना तर बोललेच, पण साईनाथलाही सगळ्या गिऱ्हाइकांदेखत झाडलं. म्हटलं, परत काका चक्कर म्हणाले काय, नि जमिनीवर लोळले काय, गोड द्यायचं नाही. नाही म्हणजे नाही. तो मान खाली घालून "हो काकू, हो काकू" करत राहिला.

हे सगळं आधी सांगून टाकते, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही 'अन्नदीप'ला जातो. आठवड्यातून एकदा मला स्वयंपाकाला सुट्टी. ह्यांचं रात्रीच्या जेवणाआधीचं इन्सुलिन असतं, ते घेतलं की अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. आधी आम्ही इंजेक्शन पर्समधून न्यायचो, पण हॉटेलच्या त्या ओल्या, घाण मोरीत उभं राहून शर्ट वर करायचा ह्यांना फार संकोच वाटायचा. मग मीच मार्ग काढला. घरी घ्यायचं आणि निघायचं. चालत दहा मिनिटांवर हॉटेल, इडली यायला पाच मिनिटं. इतके दिवस कधी काही बिघडलं नव्हतं.

त्या रविवारी निघताना लक्षात आलं की घरात कपड्यांचा साबण नाही आणि तूरडाळ संपलीय. मार्ट वाटेतच, हॉटेलच्या अलीकडे. म्हटलं, दोन वस्तू तर घ्यायच्यात, जाता जाता उचलू. तो महिन्याचा पहिला रविवार होता हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मार्टच्या दारात पोचलो तर आत अख्खी डोंबिवली लोटलेली. 'अन्नदीप'च्या बाहेरही माणसं ताटकळत उभी असलेली इथूनच दिसत होती. तेव्हा मी आमची नेहमीची वाटणी केली. ह्यांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, नाव लिहून नंबर लावा, मी ह्या दोन वस्तू घेऊन आलेच. आणि मी आल्याशिवाय काही मागवायचं नाही, कळलं? हे म्हणाले, कळलं. जाताना ह्यांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला, कारण त्या शर्टाचा खिसा उथळ आहे आणि मागे एकदा वाकताना फोन गटारात पडला होता. मी तो पर्समध्ये टाकला. हे गर्दीतून वाट काढत, ते जरा लंगडं चालणं असतं ना ह्यांचं, तसं चालत गेले. मी वळून बघितलंही नाही.

आत गेल्यावर माझं काय झालं ते मलाच सांगता यायचं नाही. साबणावर एकावर एक फ्री होतं. डाळीशेजारी तांदूळ होता, आणि तो नेहमीचा कोलम महिनाभर मिळत नव्हता. मग ह्यांची शुगर फ्री बिस्किटं, मग फिनेल. हातातली टोपली जड झाली म्हणून ट्रॉली घेतली, आणि ट्रॉली घेतली की ती रिकामी बघवत नाही. बिलाच्या रांगेशी आले तेव्हा कळलं की रांग पार मसाल्यांच्या मांडणीपर्यंत मागे गेलीय. उभी राहिले. दुसरं करणार काय?

रांग हलेना. पुढे कोणाच्या तरी तेलाच्या डब्यावर किंमत दिसत नव्हती, म्हणून काउंटरवरची मुलगी आत विचारायला गेली ती गेलीच. माझ्या मागे एक कॉलेजातली मुलगी उभी होती. ती आपल्या आईशी फोनवर बोलत होती आणि आई "श्रिया, किती उशीर" म्हणून ओरडतेय ते मलाही ऐकू येत होतं. मला वाटलं, आपणही ह्यांना सांगावं, की नंबर आला तर पुढच्या माणसाला जाऊ द्या. माझ्या फोनवरून ह्यांचा नंबर लावला. आणि माझ्याच पर्समध्ये फोन वाजायला लागला.

इतकी कशी गं मी विसरभोळी, असं मनाशी म्हणत तो बंद करायला पर्समध्ये हात घातला, तर फोनच्या शेजारी हाताला ग्लुकोजची पुडी लागली.

ती पुडी डॉक्टरांनी ह्यांच्या खिशात ठेवायला सांगितलेली. इन्सुलिन सुरू केलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून समजावलं होतं. साखर वाढली तर सावकाश त्रास देते, पण इंजेक्शन घेऊन माणूस उपाशी राहिला तर ती खाली येते, आणि खाली येते तेव्हा वेळ देत नाही. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलायला लागतो, घरच्यांनाही ओळखत नाही, आणि मग शुद्ध हरपते. तेव्हा असेल ते गोड तोंडात घालायचं. म्हणून पुडी कायम खिशात. मी हो म्हटलं आणि घरी येऊन ती माझ्या पर्समध्ये ठेवली. ह्यांच्या खिशात ती एक दिवस तरी टिकली असती का?

मार्टच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. इंजेक्शन घेऊन तासाच्या वर वेळ होऊन गेला होता.

मी स्वतःची समजूत घालत होते. हॉटेलातच आहेत, काही नाही होत, भूक लागली तर इडली मागवतील. मग आठवलं, मीच सांगितलंय, मी आल्याशिवाय काही मागवायचं नाही. आणि 'अन्नदीप'चा नियम आहे, सगळी माणसं आल्याशिवाय टेबल देत नाहीत. म्हणजे हे बाहेरच उभे असणार. तासभर. त्या पायावर.

मी त्या श्रियाला म्हटलं, बाळा, माझी ट्रॉली बघ गं, मी आलेच. तिचं उत्तर ऐकायलाही थांबले नाही. रांगेतून उलटं बाहेर पडताना एकदोघांना धक्का लागला, ते काहीतरी बोलले, पण माझं कुठे लक्ष होतं! दारात रखवालदाराने रिकामे हात दाखवायला लावले. दाखवले आणि सुटले.

'अन्नदीप'च्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. एकेकाचं तोंड बघत गेले. हे नव्हते. उभ्या असलेल्यांत नव्हते. नावं पुकारणाऱ्या पोऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "विश्राम नाव दोनदा पुकारलं, कोणी आलं नाही, मी पुढे गेलो." तशीच गर्दीत घुसून गल्ल्यापाशी गेले. साईनाथ पैसे घेत होता. मला बघताच त्याने हसून हात वर केला.

"काकू, टेन्शन नको. काही दिलं नाही मी."

मी म्हटलं, काय दिलं नाही?

त्याने सांगितलं. काका मघाशी आत आले होते. म्हणाले, बरं वाटत नाही, चक्कर येते, एक पीयूष दे. हा म्हणाला, काका, आज नाही फसणार मी. तर काका म्हणाले, मग चहा तरी दे साखर घालून. हा म्हणाला, काकू येऊ देत. काकांचा चेहरा एकदम खरा वाटत होता, काय अ‍ॅक्टिंग करतात काका, असं म्हणून तो परत हसला. मग काका म्हणाले, बरं, तिला विचारून येतो. आणि गेले.

माझा हात त्याच्यावर उठला नाही हे नशीब. आणि उठून तरी कोणावर उठणार होता? त्या पोराने माझंच ऐकलं होतं.

कुठल्या बाजूला गेले, म्हणून विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. तोपर्यंत माझा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं होतं. गल्ला सोडून तो माझ्या मागे निघाला, पण मी थांबले नाही. शेजारीच एक डेअरी आहे, तिथे पेढे मिळतात. तिथल्या माणसाने मी विचारायच्या आतच सांगितलं, की काका आलेले, पेढा मागत होते, पण काकू, तुम्ही सांगून ठेवलंय म्हटल्यावर आपण काही देत नाही. अगदी अभिमानाने सांगितलं त्याने. मी तिथेच त्याच्या काउंटरला धरून उभी राहिले. मनात नुसतं एकच, की हे कुठेतरी कोसळले असतील आणि लोक बाजूने जात असतील, पिऊन पडलाय म्हणून.

रस्त्याच्या पलीकडून, मार्टच्या बाहेरच्या तिच्या जागेवरून, ठमाबाईने हाक मारली. मी रिक्षांच्या मधून धावत गेले. पासष्टाव्या वर्षी कोणी असं धावू नये. ती म्हणाली की काका तिच्यापाशी आले होते, चिकूच्या पाटीशी उकिडवे बसले, हात इतका कापत होता की पैसे खाली सांडले. तिलाही वाटलं नाटक करतात. तिने पैसे वेचून परत खिशात घातले आणि सांगितलं, बाई आतच हाय, तिला इचार जा. ती कापऱ्या आवाजात मला विचारत होती, की बाई, काय झालं का, मी चुकले का? मी तिला काय सांगणार? मी मार्टच्या दाराकडे पळाले.

म्हणजे हे मला शोधत होते. एक चिकू खायची परवानगी घ्यायला हे मला शोधत होते, आणि मी ह्यांना शोधत होते, आणि मधे त्या बाजारातल्या प्रत्येकाने माझा शब्द पाळला होता.

मार्टच्या आत शिरले तर बिलाच्या रांगेत आरडाओरडा चालला होता. काहीतरी भांडण असणार, रविवारी असतंच, म्हणून मी बाजूने मसाल्यांकडे वळणार होते. तेवढ्यात कोणीतरी जोरात म्हणालं, "ओ काका, लाइन आहे ना! मधे कुठे घुसता?" आणि मी बघितलं.

हे माझ्या ट्रॉलीशी उभे होते. दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली, मान खाली, शर्ट पाठीला चिकटलेला, जणू कोणी बादलीभर पाणी ओतलंय. ट्रॉलीत वरच ठेवलेल्या शुगर फ्री बिस्किटांच्या पुड्याकडे ते एकटक बघत होते. ती बिस्किटं बघूनच बहुधा त्यांना कळलं असेल की ही ट्रॉली आपली. ती मुलगी, श्रिया, घाबरून त्यांना सांगत होती, काका, ही एका आजींची आहे, सोडा ना. मागचा एक जण दांडीवरून त्यांची बोटं सोडवायला बघत होता.

मी त्या माणसाला बाजूला ढकललं. म्हटलं, हात लावू नका, माझं माणूस आहे ते. ह्यांना खांद्याला धरलं तर अंग थंडगार. "अहो," म्हटलं, "अहो, इकडे बघा." त्यांनी बघितलं. माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांत काही म्हणजे काही नव्हतं. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांनी मला ओळखलं, त्यात मी नव्हते.

तिथेच फरशीवर मसाल्यांच्या मांडणीला टेकवून बसवलं. पुडी मी दातांनीच फाडली. श्रियाने न मागता आपली पाण्याची बाटली पुढे केली. अर्धं पाणी ओतून टाकलं, पुडी आत रिकामी केली, हलवली, आणि बाटली ह्यांच्या ओठाला लावली.

ह्यांनी ओठ गच्च मिटले.

मी म्हटलं, घ्या, पटकन घ्या. त्यांनी तोंड फिरवलं. मी हनुवटी धरली, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि दूर लोटलं, कुठून एवढा जोर आला कोण जाणे. थोडं पाणी ह्यांच्या शर्टावर सांडलं. आणि मग ते बोलले. जीभ जड झालेली, पण शब्द स्पष्ट होते.

"नको. हेमा ओरडेल."

हेमा मीच. भोवती गोळा झालेल्या माणसांना ते माहीत नव्हतं. कोणीतरी विचारलंही, हेमा कोण, त्यांची मुलगी का, फोन करू का? ओरडायचं तेवढं माझ्या तोंडात नेहमी तयार असतं, आणि त्या वेळी मला रडायलासुद्धा सवड नव्हती. ह्यांचे डोळे मिटायला लागले होते. बेशुद्ध झाले तर काही पाजताही येणार नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं.

मी त्यांच्या कानाशी वाकले.

"हेमा नाहीये इथे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. शाळेतली पोरं बाई वर्गात नाहीत ना हे बघतात, तशी मान सावकाश डावीकडे फिरवली, मग उजवीकडे. माझ्यावरून नजर गेली आणि पुढे सरकली. मग त्यांनी तोंड उघडलं.

घोट घोट करून पाजलं. संत्र्याच्या चवीचं होतं ते. अर्ध्या बाटलीनंतर त्यांनी आपणहून दोन्ही हातांनी बाटली धरली आणि लहान मुलासारखी शेवटपर्यंत रिकामी केली. मग माझ्या बाजूला झुकून, फार गुपित सांगावं तसं म्हणाले, "तिला सांगू नका हं."

मी म्हटलं, नाही सांगत.

साईनाथ तोवर येऊन पोचला होता. हातात पीयूषचा ग्लास, वाटेत निम्मा सांडलेला, आणि डोळे भरलेले. मी तो ग्लास घेतला आणि चमच्याने ह्यांना भरवायला लागले. कोणीतरी पुठ्ठ्याने वारा घालत होतं. रांग आमच्या बाजूने वळसा घालून पुढे सरकायला लागली होती आणि काउंटरवर परत बीप बीप सुरू झालं होतं. मी ह्यांचे हात चोळत बसले. किती वेळ ते माहीत नाही. हळूहळू हातांना ऊब आली. थरथर कमी झाली. ह्यांनी पापण्या मिचकावल्या, भोवतीचे पाय बघितले, ट्रॉली बघितली, मसाल्यांची पाकिटं बघितली.

मग माझ्याकडे बघितलं, आणि ह्या वेळी ओळखलं.

"अगं, तू कधी आलीस?" असं म्हणाले, आणि घाईघाईने शर्टाच्या बाहीने ओठ पुसले.